उपवासी माशाची माशी

मासा गळाला लागतो तो भुकेपोटी, हे आपण इतके गृहीत धरून चाललो आहोत की आपल्या भाषेनेसुद्धा त्यावर शिक्कामोर्तब करून टाकले आहे. 'आमिष' हा शब्द मूळचा मांसाचा. गळाच्या टोकाला मांसाचा तुकडा लावला, माशाने तो गिळला, आणि मासा फसला. तेव्हापासून लोभाने फसणाऱ्या प्रत्येकाला आपण 'आमिषाला बळी पडला' असे म्हणत आलो. उमेदवार मतदाराला दाखवतो ते आमिष, आणि कंत्राटदार साहेबाला दाखवतो तेही आमिषच. या सगळ्यांच्या मुळाशी एक भुकेला मासा आहे.

परंतु जगात एक मासा असा आहे, की त्याला हा हिशेब लागू पडत नाही. तो गळाला लागतो त्या वेळी त्याचा कडकडीत उपवास चालू असतो. एक-दोन दिवसांचा नव्हे, महिनोन् महिन्यांचा. पोटात अन्नाचा कण नाही, अन्नाची वासनाही नाही. आणि तरीसुद्धा एखादी झगझगीत वस्तू समोरून वाहत गेली, की तो कधी कधी तिच्यावर झडप घालतो. या उपवासकऱ्याला भुलवण्यासाठी माणसाने जे काय घडवले आहे, ते पाहिले म्हणजे वाटते, की एवढा साजशृंगार आपण बोहल्यावर चढणाऱ्या नवरीचाही करीत नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे, की दिवाळी अंकापुरते मी वाङ्मय बाजूला ठेवतो आणि हाताने करायच्या एखाद्या उद्योगाविषयी लिहितो. यंदाचा उद्योग आपल्या मुलखातला नाही. स्कॉटलंडातल्या नद्यांवर, थंडी सरता सरता, सॅमन मासा धरण्यासाठी जी भडक, चमकदार 'ट्यूब फ्लाय' बांधतात, तिची ही हकीकत. मराठीत तिला आपण 'नळीची माशी' म्हणू.

प्रथम या माशाची ओळख करून घेऊ. मुंबईच्या हॉटेलांतून रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून वाढतात. तेवढ्यावरून सॅमन म्हणजे रावसाचा विलायतेतला थोरला भाऊ, असे कोणी समजू नये. दोघांचे कूळ निराळे. अटलांटिक महासागरातला सॅमन जन्मतो तो नदीत. डोंगरातल्या थंड, नितळ ओढ्याच्या तळाशी, गोट्यांच्या फटींत अंडी फुटतात. पिल्लू दोन-तीन वर्षे नदीतच वाढते. मग एका वसंतात त्याच्या अंगावर चांदीची झिलई चढते आणि ते प्रवाहाबरोबर समुद्रात निघून जाते. कोणी फेरो बेटांच्या बाजूला, तर कोणी पार ग्रीनलंडपर्यंत. तिथे एक, दोन, क्वचित तीन वर्षे भरपेट खाऊन मासा धष्टपुष्ट होतो, आणि एके दिवशी त्याला माहेरची आठवण होते. शेकडो मैलांचा समुद्र तुडवून तो परत येतो, आणि तेही कोणत्याही नदीत नव्हे, तर जिथे जन्मला त्याच नदीत. शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या वासावरून तो आपली नदी ओळखतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

गोड्या पाण्यात पाऊल टाकले, म्हणजे माशाला पाऊल असते तर, की खाणे बंद. अंडी घालायची ती हिवाळ्याच्या तोंडाशी, ऑक्टोबर अखेरपासून डिसेंबरपर्यंत. पुष्कळसे सॅमन उन्हाळ्यात किंवा शरदात नदीत शिरतात, तेव्हा त्यांचा उपवास त्या मानाने आटोपशीर असतो. परंतु काही थोडे जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्येच येऊन दाखल होतात. नदीवर बर्फाचे वारे वाहत असतात, आणि हे महाशय आठ-नऊ महिने आधी येऊन डोहात मुक्काम ठोकतात. सगळा काळ अंगावरच्या चरबीवर काढायचा. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्याचे केवढे कौतुक होते! हा मासा दोन चातुर्मास एकाला एक जोडून करतो, आणि ज्यांना उपवासाला साबुदाण्याची खिचडी लागते त्यांच्याकडे बघतही नाही. यांनाच 'स्प्रिंगर', म्हणजे वसंतातले सॅमन म्हणतात. समुद्रातून नुकतेच आलेले, रुपेरी, अंगाने भरलेले. स्कॉटलंडातल्या टे, डी, स्पे आणि ट्वीड या नद्यांची कीर्ती बरीचशी यांच्यावरच उभी आहे.

मग हा उपवासी मासा माशीवर झडप का घालतो? या प्रश्नावर इंग्रजीत कपाटेच्या कपाटे भरतील एवढी पुस्तके आहेत, आणि मासा त्यांतले एकही वाचीत नसल्यामुळे प्रश्न अजून शाबूत आहे. कोणी म्हणतात, ही जुनी सवय. समुद्रात कोळंबी, बारके मासे दिसले की गट्ट करायचे, ती खोड जबड्यात उरते. आपणही जेवण करून उठलो तरी चिवड्याची बशी समोर आली की हात जातोच. कोणी म्हणतात, हा राग. आपण धरलेल्या जागेत आगंतुक घुसला, त्याला हुसकावले पाहिजे. आणखी कोणी म्हणतात, हे निव्वळ कुतूहल. माशाला हात नाहीत, तेव्हा एखादी वस्तू चाचपून पाहायची तर ती तोंडातच धरायला हवी. यांपैकी कोणतेही कारण खरे असो, एक गोष्ट उघड आहे. इथे भूक कामाला येत नाही. तेव्हा माशीने खाद्यासारखे दिसण्यापेक्षा नजरेत भरणे महत्त्वाचे.

'माशी' या शब्दाने फसू नका. ट्राउट नावाच्या माशासाठी जी माशी बांधतात ती खरोखरच माशीसारखी किंवा चिलटासारखी असते, कारण तो मासा कीटक खातो. सॅमनची माशी मात्र कोणत्याच कीटकासारखी दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांची जहाजे साऱ्या खंडांवरून माल आणीत होती त्या काळात, ही माशी म्हणजे पिसांचे प्रदर्शनच होऊन बसली. दक्षिण अमेरिकेतले टूकन आणि मकाव, चीनमधला सोनेरी फेझंट, आपला मोर, अशा सगळ्यांची पिसे लंडनच्या बाजारात येत आणि त्यांतले एकेक तूस बोटभर गळावर जाऊन बसे. जॉर्ज केल्सन नावाच्या गृहस्थांनी १८९५ मध्ये 'द सॅमन फ्लाय' हा ग्रंथ लिहून कोणत्या माशीला कोणते पीस कुठे लावायचे, याचे शास्त्रच घालून दिले. त्या पिसांच्या यादीत एक 'इंडियन क्रो' आहे. हिंदुस्थानी कावळा! परंतु अभिमानाने ऊर भरून येण्यापूर्वी सांगून टाकतो, की हा पक्षी हिंदुस्थानातलाही नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला, लाल-नारिंगी गळ्याचा एक फलाहारी पक्षी.

खरा आपला पाहुणा निराळाच आहे, तो म्हणजे सह्याद्रीतला करडा रानकोंबडा. आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात पहाटे त्याची बांग ज्यांनी ऐकली असेल, त्यांना तो ठाऊक असेल. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना पिवळसर-पांढरा, मेणाचा थेंब सांडून घट्ट व्हावा तसा एक चकचकीत ठिपका असतो. माशीच्या दोन्ही बाजूंना ही पिसे लावली की तिला जणू डोळे फुटतात. या दोन ठिपक्यांपायी आपल्या रानातल्या कोंबड्यांच्या माना कित्येक वर्षे परदेशी जात राहिल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला आता संरक्षण आहे, आणि तिकडच्या लोकांना लागणारी पिसे ते पिंजऱ्यात वाढवलेल्या कोंबड्यांपासून मिळवतात.

पिसांचा हा नाद कोणत्या थराला जातो, याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २००९ च्या जून महिन्यात इंग्लंडातल्या ट्रिंग गावच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून एका संगीताच्या विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची कातडी चोरून नेली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वी जंगले तुडवून जमवलेले नमुनेही होते. चोरी झाली ती सॅमनच्या माशा बांधणाऱ्या षौकिनांना पिसे विकण्यासाठी. आणि मौज अशी, की या जुन्या घाटाच्या माशा बांधणारे पुष्कळजण त्या पाण्यात टाकीतच नाहीत. काचेच्या पेटीत ठेवतात. म्हणजे माशी राहिली, मासा गेला, आणि गळाला लागला तो माणूस!

आपली नळीची माशी या श्रीमंती थाटाची नव्हे. ती कामकरी घरातली. असे सांगतात की १९४५ च्या सुमारास ॲबर्डीन शहरातल्या चार्ल्स प्लेफेअर यांच्या दुकानात माशा बांधणाऱ्या मोरावस्कीबाईंनी टर्की कोंबड्याच्या पिसाचा दांडा पोकळ करून त्यावर केस बांधून पाहिले. पुढे एका डॉक्टरांनी सुचवले, की पिसाच्या दांड्याऐवजी शस्त्रक्रियेत वापरतात ती बारीक नळी का घेऊ नये? झाले. प्लास्टिकच्या, ॲल्युमिनियमच्या, तांब्याच्या, पितळेच्या नळ्या आल्या आणि एक नवा घाट रूढ झाला.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत साज चढवायचा तो गळाच्याच दांड्यावर. मोठी माशी हवी तर गळही लांब हवा. लांब दांड्याचा गळ माशाच्या तोंडात तरफेसारखा काम करतो. मासा डोके झटकू लागला की तो उचकटून निघतो. शिवाय गळाचे टोक बोथट झाले की सगळा साज वाया. नळीच्या माशीत साज नळीवर असतो आणि गळ वेगळा असतो. दोरी नळीतून ओवून घ्यायची, तिच्या टोकाला एक लहानसा गळ बांधायचा, आणि नळीच्या मागच्या रबरी टोपणात त्याची मान दाबून बसवायची. मासा लागला की गळ त्याच्या जबड्यात राहतो आणि नळी दोरीवरून वर सरकते. माशाला झटकायला तरफ मिळत नाही आणि साजही चावला जात नाही. साज एकीकडे आणि शस्त्र दुसरीकडे! ही एवढीशी फारकत पुढे फार उपयोगी पडायची होती, परंतु ते ओघाने येईलच.

हे सारे मला शिकवले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. अकरावी-बारावीला शास्त्र शाखेत असूनही हौसेने मराठी घेणाऱ्यांपैकी तो. पुढे इंजिनिअर झाला आणि तेलाच्या धंद्यात ॲबर्डीनला स्थायिक झाला. तिथे डी नदी शहरातूनच समुद्राला मिळते, तेव्हा सॅमनचे वेड लागायला फार लांब जावे लागले नाही. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा एक डबा घेऊन घरी आला. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्याने एक चिमुकला व्हाइस स्क्रूने आवळून बसवला. आमच्या सौभाग्यवती मालवणच्या. मासा म्हटल्यावर त्याही स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काय बांधतोस?" त्यांनी विचारले.

"विली गन, काकू. सोनेरी अंगाचा."

विली गन हे उत्तरेकडच्या सदरलंड परगण्यातल्या एका रानरक्षकाचे नाव. त्याचे नाव या माशीला मिळाले आणि माशीमुळे तो अमर झाला. काळा, नारिंगी आणि पिवळा हे तिचे रंग. स्कॉटलंडातल्या पुष्कळ नद्यांचे पाणी दलदलीच्या काळ्या मातीतून झिरपून येते, त्यामुळे दूध न घातलेल्या चहासारखे तांबूस दिसते. त्या पाण्यात हे रंग उठून दिसतात, असा तिकडच्या लोकांचा अनुभव आहे.

दीड इंचाची पितळी नळी त्याने एका जाड सुईवर चढवली. नळीच्या आत प्लास्टिकचे अस्तर होते. ते नसेल तर धातूच्या कडेने दोरी घासून तुटते. मेण लावलेला काळा दोरा बॉबिनमधून सोडून त्याने नळीवर एकाला एक लागून वेढे दिले. गुळगुळीत धातूवर काहीच टिकत नाही, म्हणून हा पाया. "दोरा तुटायच्या जरासा अलीकडे थांबायचं," तो म्हणाला, "सैल राहिला तर पहिल्याच दिवशी केस निसटतात." मग त्याने सोनेरी बेगडाची अरुंद पट्टी मागून पुढे गुंडाळली, आणि तिच्यावर बारीक सोनेरी कलाबतूचे पाच वेढे दिले, तेही उलट्या दिशेने. कारण विचारले तर म्हणाला, माशाच्या दातांनी पट्टी कुठे तुटली तरी हे वेढे तिला जखडून ठेवतात.

आता केस. हे हरणाच्या शेपटीचे असतात, आणि हव्या त्या रंगात रंगवून मिळतात. त्याने पिवळ्या केसांची एक चिमूट कापली, मुळाशी असलेली लव बारीक फणीने विंचरून काढली, आणि टोके जुळवून नळीच्या पुढच्या बाजूला बांधली. मुळांची बाजू कात्रीने छाटली, टोकांना मात्र कात्री लावली नाही. केसाचे टोक निसर्गतः निमुळते असते, म्हणून ते पाण्यात सळसळते. कापलेले टोक ब्रशासारखे ताठ दिसते. मग नळी थोडी फिरवून दुसरी चिमूट, आणखी फिरवून तिसरी. नळीची माशी पाण्यात गोल फिरू शकते, तेव्हा तिला पाठ-पोट ठेवून चालत नाही, ती चहूकडून सारखीच देखणी हवी. पिवळ्यावर नारिंगी, नारिंगीवर काळा. केसांची लांबी नळीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे मागचा गळ त्यांत झाकून जातो.

"अगं बाई, हा तर गोंडा झाला," सौभाग्यवती म्हणाल्या. "आमच्या लहानपणी वेणीला लावायचे तसला."

शेवटी चमक. बोटभर कागदाला गुंडाळलेले चकचकीत तंतू त्याने काढले आणि मोजून चार-चार दोन्ही बाजूंना बांधले, तेही एका लांबीचे नाही.

"एवढेच?" काकूंचा प्रश्न. "घाल की आणखी. कंदिलाला आपण झिरमिळ्या लावतो त्या काय मोजून लावतो?"

"इथंच हात आखडायचा, काकू. पाण्यात माशी लुकलुकली पाहिजे. लखलखायला लागली की मासा बाजूला होतो. दुकानातल्या माशा लखलखतात, कारण तिथं मासा नसतो, गिऱ्हाईक असतं."

हे वाक्य मी टिपून ठेवले. शैलीवर माझे एक व्याख्यान आहे, त्यात ते यंदापासून वापरणार आहे.

गालांवर रानकोंबड्याची पिसे लावायची जागा त्याने तशीच सोडली. ती पिसे त्याने इकडे आणलीच नव्हती. ज्या पक्ष्याच्या मुलखात त्याला कायद्याचे संरक्षण आहे, तिथे त्याचीच पिसे खिशात घालून कशाला या, असा त्याचा साधा विचार. दोऱ्याचे चार वेढे एकात एक अडकवून त्याने गाठ ओढली, तिच्यावर वार्निशाचा थेंब सोडला, आणि माशी सुईवरून उतरवून सौभाग्यवतींच्या तळहातावर ठेवली. पेला आणून त्यांनी ती पाण्यात बुडवली तेव्हा गोंड्याचे रूप पालटले. केस मिटून एक लांबट, सडपातळ अंग झाले, आणि आतल्या सोन्यावरचा उजेड केसांच्या फटींतून एकदा इकडे, एकदा तिकडे हलू लागला. क्षणभर आम्ही तिघेही गप्प होतो.

पितळेची नळी कशासाठी, तेही ऐकण्यासारखे आहे. फेब्रुवारीत नदीचे पाणी चार-पाच अंशांवर असते. थंड पाण्यात मासा सुस्त होतो आणि तळाशी पडून राहतो. माशी त्याच्या नाकासमोरून, खोलवरून आणि संथपणे गेली तरच काही आशा. म्हणून माशी मोठी, वजनदार आणि भडक. मे महिन्यात पाणी निवळते, ऊब येते, तेव्हा पितळ जाऊन प्लास्टिकची हलकी नळी येते आणि माशीही लहान होते. छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून कंबरभर पाण्यात उभे राहायचे, पंधरा फुटांची काठी दोन्ही हातांनी फिरवून दोरी पलीकडच्या काठाकडे फेकायची, प्रवाह माशीला अर्धगोल फिरवून आपल्या काठाला आणतो, मग एक पाऊल खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे. दिवसभर हेच. आमच्या या गड्याला पहिल्या दोन वसंतांत एकाही सॅमनने विचारले नाही. तिसऱ्या वसंतात, मार्च महिन्यात एक लागला.

"मग? काय केलंस त्याचं?" सौभाग्यवतींचे डोळे चमकले. त्यांच्या मनात आमसुले, ओले खोबरे आणि तिरफळे गोळा होऊ लागली असणार.

"सोडून दिला, काकू."

"सोडून दिला?"

"तसा कायदाच आहे. एक एप्रिलच्या आधी लागलेला सॅमन सोडावाच लागतो. २०१५ पासून."

कायदा उगीच झालेला नाही. स्कॉटलंडात काठीने धरलेल्या सॅमनची सरकारी मोजदाद १९५२ पासून होते. २०२३ साली हा आकडा सुमारे ३२,५०० वर आला, तोवरच्या नोंदींतला सर्वांत कमी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ब्रिटनमधल्या सॅमनची नोंद 'संकटग्रस्त' म्हणून झाली. समुद्र तापतो आहे, तिथले खाद्य हलते आहे, नद्यांत बांध आहेत, पाणी कोमट होते आहे. कारणे अनेक आहेत आणि समुद्रात गेलेल्यांतले थोडेच परत येतात. म्हणून आता वर्षभरात धरलेल्या दहांपैकी नवाहून अधिक मासे परत पाण्यात सोडले जातात.

सौभाग्यवतींना मात्र हे पटेना. माशी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघ, आमच्याकडे मासा धरतात तो खाण्यासाठी. त्यात पाप असेल तर ते सरळ पाप आहे, भुकेचं. तुझा हा मासा आठ महिने उपाशी. अंगातली ताकद त्याला पोरांसाठी राखायची. त्याला तू फसवणार, दमवणार, आणि वर सोडून देऊन दयाळू म्हणवून घेणार. तुला भूक नाही, त्याला भूक नाही. मग हा खेळ कोणासाठी?"

प्रश्न इतका नेमका होता, की मी चष्मा पुसायला घेतला. विद्यार्थ्याने मात्र बगल दिली नाही.

"दमतो तो, खरं आहे," तो म्हणाला. "म्हणून दोरी जाड घ्यायची, झुंज लांबवायची नाही. हात ओले करून धरायचं, पाण्याबाहेर काढायचं नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवायचं, तो आपणहून निघून जाईपर्यंत. पण दमतो, नाही कसं म्हणू? एक मात्र सांगतो. तिकडे मासेमारीचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून पट्टी घेऊन नदीची मंडळं चालतात. चोरट्या मासेमारीवर पहारा ठेवतात, बांध फोडून वाट करून देतात. डी नदीच्या वरच्या ओढ्यांवर झाडं लावताहेत, सावलीनं पाणी गार राहावं म्हणून."

"मग झाडंच लावा की. गळ कशाला?"

तो थोडा वेळ थांबला. "झाडं लावायला लोक येतातही, काकू. पण फेब्रुवारीत कंबरभर पाण्यात उभं राहून, यंदा मासे आले का, हे दिवसेंदिवस कोण बघणार? ज्याला आशा आहे तोच ना?"

यावर सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. पटले म्हणून नव्हे. उत्तरात खोट नाही एवढे त्यांना दिसले, आणि माझ्याही मते त्या उत्तराची किंमत तेवढीच आहे. मला कोणी पंच नेमले, तर मी दोघांपैकी कोणाच्याही विरुद्ध निकाल देऊ शकणार नाही. मासा दमतो हे खरे. आणि ज्या नदीवर कोणाचेच मन जडलेले नाही ती नदी मरायला वेळ लागत नाही, हे सांगायला आपल्याला स्कॉटलंडपर्यंत जायलाच नको. आपल्या गावाच्या नदीवरच्या पुलावर घटकाभर उभे राहिले तरी पुरते.

त्या दिवशी मला एक गोष्ट मात्र उमगली. निघण्यापूर्वी त्याने डब्यातल्या गळांची डबी काढून दाखवली. पूर्वी नळीच्या माशीला मागे तीन काट्यांचा गळ लावीत. तो घट्ट रुतत असे, आणि काढताना माशाचे तोंड फाटत असे. आता त्याच्या डबीत होते ते एकेकटे काटे, आणि प्रत्येकाची उलटी नखी चिमट्याने दाबून सपाट केलेली. असा काटा बोटाने हलकेच मागे घेतला की सुटतो. त्यामुळे काही मासे आधीच निसटून जातात, आणि त्याची तक्रार नाही. हा बदल करायला जुन्या घाटाची माशी असती तर संपूर्ण उसवावी लागली असती, कारण तिथे साज आणि काटा एकाच दांड्यावर बांधलेले. नळीच्या माशीत साजाला हातही लावावा लागला नाही. तेच सोने, तेच पिवळे, नारिंगी, काळे केस, तीच मोजून लावलेली चमक. बदलला तो फक्त काटा. मोरावस्कीबाईंनी पिसाचा दांडा पोकळ केला तेव्हा मासा अधिक पक्का धरावा, एवढाच हेतू असणार. त्याच पोकळीतून ऐंशी वर्षांनी मासा अधिक सहज सोडण्याची वाट निघाली.

आपले पुष्कळ जुने साज असेच दांड्याला पक्के बांधलेले आहेत. काटा काढा म्हटले की लोकांना वाटते, साजच गेला. सणाची आतषबाजी घ्या, लग्नाचा थाट घ्या. बोचणारे काय आणि शोभणारे काय, हे वेगळे करून दाखवणारी एखादी नळी सापडली, तर किती भांडणे मिटतील! परंतु इथे मी प्राध्यापकी थाटात शिरू लागलो, तेव्हा पुरे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी चकल्यांचे, करंज्यांचे डबे उघडलेले असतील. त्याच दिवसांत तिकडे डी नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या ओढ्यांत, वसंतात आलेले सॅमन आपापल्या ठिकाणी पोहोचलेले असतील. चांदी केव्हाच उतरलेली, अंग तांबूस-काळपट झालेले, चरबी सरलेली. मादी कुशीवर वळून शेपटीच्या फटक्यांनी गोट्यांत खळगा करते आणि अंडी घालून तो पुन्हा बुजवते. त्यांतले बहुतेक त्यानंतर मरतात. थोडे समुद्राकडे परततात आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा खातात. मार्चमध्ये एकाने नाव घेऊन सोडलेले, हात ओले करून सोडलेले काही मासेही त्यांत असतील. फेब्रुवारीपासून त्यांनी अन्न घेतलेले नाही. फराळाचे ताट समोर घेताना क्षणभर त्यांची आठवण काढा. त्यांचे पारणे अजून व्हायचे आहे.